परतीची खात्री कशी पटवावी? पर्यटक व्हिसा आणि घराशी असलेले बंध

मुलगी लंडनला, मुलगा न्यू जर्सीला आणि निवृत्त आईवडील फोंड्याला किंवा डिचोलीला, अशी कुटुंबे आता गोव्यात गावोगावी आढळतात. नातवाला पाहण्यासाठी पर्यटक व्हिसाचा अर्ज केला जातो आणि नकाराचे पत्र हाती पडते. बँकेत पुरेशी शिल्लक आहे, मुलाचे निमंत्रणपत्र जोडले आहे, मग अडले कुठे? पत्राचा आशय बहुधा एकच असतो: अर्जदार मुदतीत मायदेशी परतेल याची खात्री पटली नाही.

कायदा काय गृहीत धरतो?

अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतर व नागरिकत्व कायद्यातील कलम २१४ (बी) नुसार पर्यटक व्हिसाचा अर्जदार तेथे कायमचा राहण्यासाठीच येत आहे, असे आरंभी मानले जाते. तसे नाही हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची. शेंगेन देशांच्या २००९ च्या व्हिसा संहितेत परतीच्या हेतूविषयी वाजवी शंका हे नकाराचे स्वतंत्र कारण आहे. ब्रिटनचे नियमही अर्जदार खरोखर भेटीपुरता येत आहे का आणि मुदतअखेर परतणार आहे का, हेच तपासतात.

पद्धत मात्र वेगळी. गोवेकरांचे अमेरिकी अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. तेथील मुलाखत काही मिनिटांत आटोपते आणि सोबत नेलेली फाइल अनेकदा उघडलीही जात नाही. म्हणून अर्जातील माहिती आणि तोंडी उत्तरे परस्परांशी जुळणे महत्त्वाचे. ब्रिटन आणि शेंगेनच्या बाबतीत निर्णय प्रामुख्याने कागदपत्रांवरून होतो. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रातील कर्मचाऱ्यांना निर्णयाचा अधिकार नसतो.

बंध म्हणजे नेमके काय?

ज्या गोष्टींसाठी आपले येथे परत येणे आवश्यक आहे, ते आपले बंध. नोकरदाराने मंजूर रजेचे आणि पुन्हा रुजू होण्याची तारीख नमूद केलेले पत्र द्यावे. व्यावसायिकाने नोंदणीचे दाखले आणि आयकर विवरणपत्रे जोडावीत. निवृत्तांसाठी निवृत्तिवेतन, घर, येथे राहणारे वृद्ध आईवडील किंवा इतर अपत्ये, तसेच पूर्वीच्या परदेशवाऱ्यांहून वेळेत परतल्याचे पासपोर्टवरील शिक्के उपयोगी पडतात. पतीपत्नी दोघेही जाणार असतील, तर ‘जोडीदार येथे आहे’ हा आधार उरत नाही. अशा वेळी बाकीचे बंध अधिक स्पष्टपणे मांडावे लागतात.

गोव्यातील एक अडचण विशेष आहे. वडिलोपार्जित घर आणि कुळागर यांच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर पुष्कळदा दिवंगत आजोबांचे किंवा अनेक भावंडांचे नाव असते. नुसता उतारा जोडल्यास परक्या अधिकाऱ्याला त्यातून काहीच उलगडत नाही. त्यासोबत नाते दाखवणारे दाखले, आपल्या नावाची घरपट्टी वा वीजबिल आणि दोन ओळींचा खुलासा द्यावा. गृहिणींसाठी आणखी एक मुद्दा आहे. गोव्यात लागू असलेल्या नागरी संहितेनुसार, विवाहपूर्व करार करून वेगळी व्यवस्था ठरवलेली नसेल तर पतीपत्नींची मालमत्ता सामाईक असते. उतारा केवळ पतीच्या नावे असला, तरी विवाह नोंदणीचा दाखला जोडून पत्नीला आपला हक्क सांगता येतो. जुने दाखले पोर्तुगीजमध्ये असल्यास प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे.

पैसा, मुदत आणि सत्य

मुलाने खर्च उचलण्याची हमी दिली, तर खर्चाचा प्रश्न सुटतो; परतीचा सुटत नाही. उलट, अपत्य तेथे स्थायिक असणे हा अधिकाऱ्याच्या दृष्टीने तिकडचा बंध ठरतो. तो लपवू नये. त्याच्या तोलाचे इकडचे बंध दाखवावेत. अर्जाच्या आधी खात्यात अचानक मोठी रक्कम जमा झाली असेल, तर तिचा स्रोत सांगावा. सहलीचा कालावधीही आपल्या परिस्थितीशी सुसंगत हवा: तीन आठवड्यांची रजा असलेल्याने तीन महिन्यांचा मुक्काम मागितला, तर शंका येणारच.

‘फाइल भक्कम करून देतो’ म्हणणाऱ्या दलालापासून सावध राहावे. अर्जावर सही आपली असते. बनावट कागदपत्रे उघड झाल्यास ब्रिटनचे दरवाजे दहा वर्षांपर्यंत, तर अमेरिकेचे कायमचे बंद होऊ शकतात.

नकार आल्यास

शेंगेन नकाराविरुद्ध अपील करता येते. त्याची रीत आणि मुदत नकारपत्रातच दिलेली असते. अमेरिकेच्या कलम २१४ (बी) खालील नकारावर अपील नाही. ब्रिटनमध्येही पर्यटकांना सहसा तो मार्ग उपलब्ध नसतो. मात्र नव्याने अर्ज करता येतो. तोच अर्ज जसाच्या तसा पाठवल्यास फी पुन्हा वाया जाण्याचीच शक्यता अधिक. नकाराचे कारण नीट वाचून त्याला उत्तर द्यावे आणि आधीचा नकार अर्जात प्रामाणिकपणे नमूद करावा.

अर्जासोबत एक पानी पत्र अवश्य जोडावे: कोठे जाणार, किती दिवस, खर्च कोण करणार आणि परत कशासाठी येणार. या चौथ्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहून पाहावे. ज्या कागदांचा त्या उत्तराशी संबंध आहे, तेवढेच फाइलमध्ये ठेवावेत.