दुसरी खुर्ची

पारोळ्याला आमच्या वाड्यात थोरले काका परगावी गेले, की किल्ल्यांचा जुडगा मधल्या काकांच्या कमरेला येई. त्यासाठी कुणाला हुकूम काढावा लागत नसे. पुढे एकदा तिथल्या कोर्टाच्या आवारात वकीलमंडळींशी गप्पा रंगल्या असताना माझ्या मनात आले, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात हे ‘मधले काका’ कोण?

इंग्लंडात २००९ साली सुरू झालेल्या सर्वोच्च न्यायालयात उपाध्यक्षाचे रीतसर पद आहे. लेडी हेल तिथे आधी उपाध्यक्ष होत्या, २०१७ साली अध्यक्ष झाल्या. केनियाच्या २०१० च्या घटनेतही उपसरन्यायाधीश आहेत. आपल्या घटनेत मात्र असे पद नाही. सरन्यायाधीशांची जागा रिकामी पडली किंवा ते काम पाहू शकत नसले, तर राष्ट्रपतींनी इतर न्यायमूर्तींपैकी एकाला हंगामी नेमावे, एवढेच कलम १२६ सांगते. सर्वांत ज्येष्ठालाच नेमावे, असेही त्यात नाही. ज्येष्ठतेने दुसरा असेल तोच पुढचा सरन्यायाधीश, ही नुसती रूढी!

आणि वाचकहो, रूढी मोडायला कायदा बदलावा लागत नाही. १९७३ साली तिघा ज्येष्ठांना डावलून अजितनाथ राय सरन्यायाधीश झाले. मग आली आणीबाणी. विनाचौकशी तुरुंगात टाकलेल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येईल काय, हा प्रश्न पाच न्यायमूर्तींपुढे आला. २८ एप्रिल १९७६ रोजी चौघे ‘नाही’ म्हणाले. त्या चौघांत आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते. ‘होय’ म्हणाले एकटे हंसराज खन्ना. रायांच्या खालोखाल ज्येष्ठ तेच होते. पुढची पाळी त्यांची होती. याची किंमत काय पडेल, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

ती पडली. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना मागे सारून बेग यांना नेमले गेले. खन्नांनी राजीनामा दिला.

१९७८ साली चंद्रचूड सरन्यायाधीश झाले आणि सात वर्षांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. पण २०१७ साली त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, वडिलांसह त्या चौघांचा निर्णय चुकीचा होता, असे निकालपत्रात लिहिले.

खन्नांना पहिली खुर्ची कधीच मिळाली नाही. पण सर्वोच्च न्यायालयाच्या दोन नंबरच्या दालनात त्यांची तसबीर लागली, आणि तीही त्यांच्या हयातीत.