रिकामी केबल काय सांगते?

बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत संगणक करतो तरी काय? आपल्याला वाटतं, आत भराभर आकडेमोड चालली असेल. पण त्यातला बराच वेळ तो चक्क वाट पाहत असतो! सेकंदाला अब्जावधी क्रिया उरकणारा प्रोसेसर थांबलेला असतो एका चकतीसाठी. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांचा वेग धरायला हार्ड डिस्कला काही सेकंद लागतात आणि प्रोसेसरच्या हिशेबात ते एक युगच.

त्यातून डिस्क जुनी आयडीई पद्धतीची असेल, तर गंमत आणखी वाढते. ती ४० पिनांची रुंद, चपटी केबल आठवते? एका केबलवर दोन डिस्क लागत. पण दुसरी डिस्क लावलेली आहे की नाही, हे ऑपरेटिंग सिस्टिमला कळायचं कसं? तिनं डिस्कची स्थिती सांगणारे आठ बिट वाचायचे. सर्वांत वरचा बिट १ असेल तर अर्थ असा: ‘मी कामात आहे, थांबा.’

आता केबलच्या टोकाला डिस्कच नाही असं समजा. तारा मोकळ्या लोंबकळताहेत. अशा तारा वाचल्या की बरेचदा आठही बिट १ दिसतात, म्हणजे ‘कामात आहे’वालासुद्धा! जी डिस्क अस्तित्वातच नाही, तीच सांगते आहे: थांबा. आणि नियमानुसार डिस्कला रीसेटनंतर तयार व्हायला ३१ सेकंदांपर्यंत मुभा. नियम तंतोतंत पाळणारी यंत्रणा मग नसलेल्या डिस्कची वाट अर्धा मिनिट पाहत बसेल.

यावरचा उतारा किती साधा असावा? संगणकाच्या बाजूनं त्या वरच्या बिटाच्या तारेला १० किलोओहमचा रेझिस्टर जोडून ती शून्याकडे ओढून ठेवायची. डिस्क नसेल तर ‘कामात आहे’चा बिट आपोआप ०. अर्धा मिनिट वाचवायला एवढंसं पुरतं!

पण प्रत्येक यंत्रात हा रेझिस्टर असेलच असं नाही. म्हणून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा डिस्क सांभाळणारा भाग, लिबएटीए, आठही बिट १ दिसले तर तिथे कुणी नसावं असा अंदाज बांधतो. पण लगेच नाही, कारण काही खऱ्या डिस्कसुद्धा जाग्या होताना क्षणभर असंच दाखवतात. मग थांबायचं किती? त्या कोडमधली एक टीप मला फार आवडते. ‘गोव्हॉल्ट’ नावाच्या उपकरणाला २ सेकंद लागतात, पण सगळी उपकरणं एकाच वेळी तपासण्याची सोय नसताना एवढं थांबणं परवडणार नाही. दुसऱ्या एका डिस्कला ८०० मिलिसेकंद पुरतात. एका आकड्यासाठी केवढी ही घासाघीस!

एकाच वेळी तपासण्याची सोय, हीच खरी किल्ली. २००८ साली इंटेलच्या आर्यान फान दे फेन आणि आउके कोक यांनी चिमुकला ‘ई पीसी’ लॅपटॉप ५ सेकंदांत सुरू करून दाखवला. पुढे २००९मध्ये फान दे फेन यांचं एक तंत्र लिनक्सच्या गाभ्यात आलं. वाट पाहायची, पण एकामागून एक नाही, सगळ्यांची एकदम.

इथे एक पेच होता. त्या काळी जी डिस्क आधी सापडे ती ‘एसडीए’, नंतरची ‘एसडीबी’. सगळ्या एकदम शोधल्या, तर आज एक पहिली, उद्या दुसरी! मग संगणक आपल्या फाइली भलत्याच डिस्कवर शोधू लागणार. तोड काय काढली? दवाखान्यातलं टोकन. तपासण्या सगळ्यांच्या एकदम होतात, पण नाव पुकारलं जातं ते टोकनच्या क्रमानं. लवकर तयार झालेली डिस्क मागच्या नंबरची असेल, तर नोंदणीपुरती थांबते. तीन डिस्कना प्रत्येकी पाच सेकंद लागत असतील, तर पंधराऐवजी साधारण पाचच सेकंद जातात. एकाही संथ डिस्कला हाकललेलं नाही, बाहेरून पाहणाऱ्याला क्रमही तोच!

नंतरच्या साटा पद्धतीत जोडणीच विद्युत पातळीवर सांगते की पलीकडे कुणी आहे का. मग जुन्यांचं काय झालं? २०२१मध्ये लिनक्स ५.१४मधून मूळ आयडीई कोड काढून टाकला, पण तोवर त्या डिस्कचा भार लिबएटीएनं उचलला होता. ४० पिनांची डिस्क नव्या लिनक्सलाही जोडता येते. पूर्वी तिला ‘एचडीए’ म्हणत, आता ‘एसडीए’ म्हणतात, एवढंच.