हर्षद मेहतामुळे सेबी आली? घोटाळ्यांमुळे समाजाचं खरंच भलं होतं का?

हर्षद मेहता झाला म्हणून सेबी आली, असं तुम्हीही कुठेतरी वाचलं असेल. वेब सिरीज आल्यापासून तर हे वाक्य फॉरवर्डमध्ये हमखास असतं. ऐकायला बरंही वाटतं, कारण वाईटातून चांगलं निघालं की आपल्याला हायसं वाटतं.

पण जरा तारखा बघा. सेबीची स्थापना १९८८ची. तिला कायद्याचा आधार देणारा अध्यादेश निघाला जानेवारी १९९२मध्ये. आणि पत्रकार सुचेता दलाल यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त घोटाळ्याची बातमी फोडली २३ एप्रिल १९९२ला. म्हणजे कायदा आधी, बोभाटा नंतर! राष्ट्रीय शेअर बाजार उभारण्याची शिफारससुद्धा फेरवानी समितीने १९९१मध्येच केली होती.

मग घोटाळ्याने नेमकं केलं काय? ते समजायला आधी भोक कुठे होतं ते बघावं लागेल.

बँकांना सरकारी रोखे ठेवणं बंधनकारक असतं. एखाद्या बँकेला थोड्या दिवसांसाठी पैसे हवे असले की ती आपले रोखे दुसऱ्या बँकेला विकायची आणि ठरलेल्या दिवशी थोड्या जास्त किमतीला परत घ्यायची. रोखे प्रत्यक्षात हलत नसत. 'तुमचे रोखे आमच्याकडे आहेत' अशी एक पावती दिली जायची, तिला बँक रिसीट म्हणत. मधे दलाल असायचा. बँकेच्या नावाचा चेक दलालाच्या खात्यात जमा करण्याची पद्धत रूढ झाली होती. एवढं पुरेसं होतं. हाती कोणतेही रोखे नसताना पावत्या निघाल्या, त्यावर बँकांचे पैसे उचलले गेले आणि ते शेअर बाजारात ओतले गेले. जानकीरामन समितीने हा आकडा सुमारे ४,००० कोटी रुपयांचा काढला.

अशा खोट्या पावत्या देणाऱ्यांत एक नाव होतं बँक ऑफ कराड. ही बँक अवसायनात निघाली आणि पुढे १९९४मध्ये बँक ऑफ इंडियात गेली. शेअर बाजाराचं तोंडही न पाहिलेल्या ठेवीदारांचे पैसे त्यात अडकले. घोटाळ्यांच्या 'फायद्यां'ची यादी करताना ही माणसं सहसा गाळली जातात.

पण फायदा झाला, हेही खरंच. एरवी वर्षानुवर्षं फायलीत पडून राहिले असते असे बदल भराभर झाले. राष्ट्रीय शेअर बाजार १९९४मध्ये सुरू झाला. स्क्रीनवर सौदे होऊ लागले आणि भाव ठरवण्यावरची दलालांच्या जुन्या वर्तुळाची पकड सैल झाली. सेबीला थेट दंड ठोठावण्याचे अधिकार १९९५मध्ये मिळाले. १९९६मध्ये डिपॉझिटरी कायदा झाला आणि कागदी शेअर सर्टिफिकेटची जागा डीमॅट खात्याने घ्यायला सुरुवात केली. रोखे आणि पैसे यांची एकाच वेळी अदलाबदल होईल अशी सोय सरकारी रोख्यांच्या व्यवहारातही आली. आज तुम्ही मोबाइलवरून शेअर घेता, त्याची मुळं त्या चार-पाच वर्षांत आहेत.

म्हणजे कल्पना घोटाळ्याने दिल्या नाहीत, त्या टेबलावर होत्याच. घोटाळ्याने विरोध करणाऱ्यांची तोंडं बंद केली. माझ्या मते त्याचा खरा उपयोग एवढाच.

आणि तो उपयोग फार टिकत नाही. 'बदला' ही उधारीवर सौदे पुढे ढकलण्याची बाजारातली जुनी पद्धत. सेबीने डिसेंबर १९९३मध्ये ती बंद केली. लोकांचा राग ओसरला, दलालांचा दबाव वाढला आणि १९९६मध्ये ती थोड्या वेगळ्या रूपात परत आली. २००१मध्ये केतन पारेख प्रकरण घडलं, तेव्हा कुठे जुलैमध्ये बदला कायमचा गेला. एकाच धड्याची फी दोनदा भरली!

ठेव विम्याचंही तेच. १९९३मध्ये बँकेतल्या ठेवीवरचं विमा संरक्षण ३० हजारांवरून १ लाख रुपये झालं आणि मग २७ वर्षं तिथेच थांबलं. महागाई वाढत गेली, मर्यादा तीच. सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले. एचडीआयएलला दिलेली हजारो कोटींची कर्जं लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती तयार केल्याचं बाहेर आलं. सुरुवातीला खातेदाराला काढता येत होते फक्त १,००० रुपये. मुंबईत शाखांबाहेर रडणारी म्हातारी माणसं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. त्यानंतर फेब्रुवारी २०२०मध्ये मर्यादा ५ लाख झाली, आणि बँकेवर निर्बंध आले तरी विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यायची, अशी दुरुस्ती २०२१मध्ये झाली. पीएमसीच्या मोठ्या ठेवीदारांना मात्र उरलेले पैसे मिळवण्यासाठी १० वर्षांपर्यंतचे हप्ते लावून दिले गेले.

फेब्रुवारी २०२५मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत १२२ कोटींची रोकड गायब असल्याचं उघड झालं. पुन्हा निर्बंध, पुन्हा शाखांबाहेर तशाच रांगा. फरक इतकाच, की या रांगेतल्या माणसामागे १ नाही, ५ लाखांचा विमा होता. ती वाढ पीएमसीच्या रांगेतल्या लोकांमुळे झाली होती.