कापसाची पिकअप आणि डिझेलचा हिशेब

दिवाळीच्या सुमारास मारेगाव तालुक्यात कापसाच्या वेचणीला जोर येतो आणि जुन्या डिझेल पिकअपना काम मिळते. वणीच्या जिनिंगपर्यंत केलेल्या फेरीत हातात काय उरते, हे बरेचसे गाडीच्या अ‍ॅव्हरेजवर ठरते. एक लिटर डिझेलमध्ये विजेच्या सुमारे १० युनिटइतकी ऊर्जा असते. जुन्या इंजिनात त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा कामी येतो. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे उष्णता होऊन निघून जाते.

कामी आलेली ऊर्जा सपाट रस्त्यावर मुख्यतः दोन ठिकाणी खर्च होते. पहिला खर्च टायरचा. भरून तीन टन झालेल्या गाडीला टायरचा अवरोध साधारण ३०० न्यूटन असतो आणि वेगाने तो फारसा बदलत नाही. दुसरा वाऱ्याचा, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पिकअपसारख्या चौकोनी गाडीला ताशी ६० किलोमीटरला वाऱ्याचा अवरोधही जवळपास तेवढाच असतो. ८० ला तो पावणेदोन पटींहून अधिक होतो. कापूस वजनाला हलका, पण आकाराने मोठा. केबिनच्या वर चढलेला ढीग वारा अडवतो आणि फडफडणारी ताडपत्री त्यात भर घालते. म्हणून कापसाच्या गाडीत वेग आवरणे हा सर्वांत मोठा आणि फुकटचा उपाय ठरतो. ढीग शक्यतो बसका ठेवून ताडपत्री घट्ट बांधावी.

टायरमधली हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, तापतो आणि ऊर्जा खातो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. भरलेल्या गाडीसाठी कंपनीने सांगितलेला दाब पुढच्या व मागच्या टायरला वेगळा असू शकतो. उन्हात तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नये. चिकटणारा ब्रेकही अशीच ऊर्जा खातो: जॅकवर उचललेले चाक हाताने सहज फिरत नसेल, तर बहुधा ब्रेक चिकटतो आहे.

काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेले डिझेल. शेतरस्त्यांच्या धुळीने एअर फिल्टर भरला की इंजिनला हवा कमी पडते, म्हणून आधी फिल्टर पाहावा. तरीही धूर राहिला तर नोझल तपासावेत. यांत्रिक पंपाच्या इंजिनात नोझल साधारण २०० बारच्या दाबाला उघडतो आणि डिझेलचा बारीक फवारा मारतो. तो झिजला की थेंब मोठे पडतात आणि पूर्ण जळत नाहीत.

उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून काही वेळा थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. मग हिवाळ्यात, नेमक्या कापसाच्या हंगामात, इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, ऑइल घट्ट राहते आणि डिझेल जास्त लागते. तापण्याचे मूळ कारण बहुधा रेडिएटर, फॅन बेल्ट किंवा वॉटर पंपात सापडते.

जिनिंगच्या रांगेत चालू ठेवलेले इंजिन तासाला अर्ध्या लिटरहून अधिक डिझेल पिऊ शकते. उतारावर गाडी न्यूट्रल करणे धोक्याचे आहेच, शिवाय त्यात बचतही नाही: गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गव्हर्नर डिझेल जवळजवळ बंद करतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतच राहते.

कोणत्या उपायाने किती फरक पडला, हे टाकी फुल करूनच कळते. एकाच पंपावर टाकी भरावी, किलोमीटर टिपावेत, नेहमीच्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा भरून लागलेल्या लिटरने किलोमीटरला भागावे. दर वेळी एकच बदल करावा. वेग, हवा आणि फिल्टर यांचा हिशेब झाल्यावरच पंप-नोझलच्या महागड्या कामाला हात घालावा.