उच्चार एक, अर्थ निराळे

इंग्रजीतील काही शब्दांचा उच्चार व लेखन सारखे असले, तरी त्यांचे अर्थ भिन्न असतात. चेन्नईच्या जॉर्ज टाउन भागातील ‘मिंट स्ट्रीट’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. ‘मिंट’ म्हणजे पुदिना, एवढेच ठाऊक असलेला वाचक या नावाचा अर्थ ‘पुदिन्याची गल्ली’ असा करील. वस्तुतः येथे ईस्ट इंडिया कंपनीची टांकसाळ होती. त्यावरून रस्त्याला हे नाव पडले. त्याचे ‘तंगसालै’ हे तमिळ नाव मराठीतील ‘टांकसाळ’ या शब्दाची आठवण करून देते.

हे दोन्ही शब्द मुळातच वेगळे आहेत. पुदिना या अर्थाचा ‘मिंट’ लॅटिन ‘मेंथा’पासून, तर टांकसाळ या अर्थाचा ‘मोनेटा’पासून आला. पैसा या अर्थाचा ‘मनी’ हा शब्दही ‘मोनेटा’पासूनच निघाला.

‘मिंट कंडिशन’ या वाक्प्रयोगातही टांकसाळच अभिप्रेत आहे. जुन्या वस्तूच्या जाहिरातीत तो आढळल्यास, ‘टांकसाळीतून नुकत्याच निघालेल्या नाण्यासारखी कोरी वस्तू’ असा विक्रेत्याचा दावा आहे, हे ओळखावे.

म्हणून शब्दकोशातील पहिलाच अर्थ न स्वीकारता संदर्भ पाहावा. खरेदी करताना किंवा कागदपत्रांवर सही करताना अर्थाची चूक महागात पडू शकते.