डेबियनमधील पॅकेजे आणि त्यांची अवलंबने : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इयान मरडॉक यांनी १९९३ साली जिचा आरंभ केला, त्या डेबियन ह्या मुक्त संगणकप्रणालीच्या २०२३ सालच्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. त्यांपैकी एखादे लहानसे पॅकेज मागावे आणि पडद्यावर अनोळखी नावांची लांबलचक यादी उमटून संमती विचारली जावी, ह्या अनुभवाने नवखा वापरकर्ता असा काही बुचकळ्यात पडतो की, त्या यादीविषयी, म्हणजे व्यवहारात जिला डिपेंडन्सी म्हणतात त्या अवलंबनाविषयी, काही समजुती विनाचौकशी रूढ होऊन बसल्या आहेत.

गैरसमज : प्रत्येक प्रोग्रॅमने लागेल ते साहित्य स्वतःबरोबरच आणले असते, तर हा बखेडा उरला नसता.

वस्तुस्थिती : मजकूर सांकेतिक लिपीत बदलणे, फाइल आकुंचित करणे, अक्षरे पडद्यावर रेखाटणे ही कामे शेकडो प्रोग्रॅमना सारखीच करावी लागतात, आणि म्हणून ती सामायिक लायब्रऱ्यांकडे सोपवलेली असतात. ह्या तजविजीचे मोल एप्रिल २०१४ मध्ये, ओपनएसएसएल ह्या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीतील ‘हार्टब्लीड’ हे वैगुण्य उघडकीस आले तेव्हा, प्रत्ययास आले. कारण जेथे ती लायब्ररी सामायिक होती तेथे ती एकदा बदलून तिच्यावर चालणाऱ्या सेवा पुन्हा सुरू केल्या की ते वैगुण्य दूर झाले, परंतु ज्या प्रोग्रॅमांनी तिची खाजगी प्रत पोटात बाळगली होती, त्यांचा एकेक करून शोध घेणे भाग पडले.

गैरसमज : आवृत्तीचा क्रमांक जुना, म्हणजे पॅकेज असुरक्षित.

वस्तुस्थिती : त्याच हार्टब्लीडची दुरुस्ती मूळ कर्त्यांनी १.०.१जी ह्या आवृत्तीत केली. डेबियनच्या तत्कालीन स्थिर शाखेने मात्र आपली १.०.१ई हीच आवृत्ती कायम राखून तेवढाच फेरफार तीत उतरवला आणि क्रमांकाच्या अखेरीस ‘डेब७यू५’ अशी नोंद जोडली. नवी आवृत्ती समग्र स्वीकारली तर तिच्यावर विसंबलेल्या इतर पॅकेजांची घडी विस्कटण्याचा संभव असतो, म्हणून ही रीत. सबब, क्रमांकाचा पूर्वार्धच पाहून निवाडा करणे अयोग्य होय.

गैरसमज : यादीतील प्रत्येक नाव अपरिहार्यच असते.

वस्तुस्थिती : पॅकेजाच्या ‘कंट्रोल’ ह्या दस्तऐवजात संबंधांच्या निरनिराळ्या प्रती लावलेल्या असतात. ‘डिपेंड्स’ म्हणजे ज्यावाचून चालणारच नाही ते, ‘रेकमेंड्स’ म्हणजे नेहमीच्या वापरात बहुतेकांना लागेल ते, आणि ‘सजेस्ट्स’ म्हणजे असल्यास उपयोगी पडेल ते. डेबियनच्या २००९ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून ॲप्ट हा पॅकेज-व्यवस्थापक शिफारशीची पॅकेजेही आपण होऊन घेतो. ती नको असतील तर तशी ताकीद देता येते.

गैरसमज : एखादा फुटकळ प्रोग्रॅम काढताना ‘ग्नोम’ही जाणार असे दिसले, की सारा डेस्कटॉप गेलाच.

वस्तुस्थिती : ‘ग्नोम’ ह्या नावाचे मेटापॅकेज स्वतः जवळजवळ रिकामे असते, इतरांची यादी हाच त्याचा ऐवज. ते गेले तरी डेस्कटॉप जागच्या जागी राहतो. सावध राहावे ते त्यानंतर. कारण कोणते पॅकेज मागून घेतले आणि कोणते दुसऱ्याकरिता आले ह्याची नोंद ॲप्ट ठेवतो, आणि ज्यांना आता कोणी धनी उरला नाही असे त्यास वाटते, ती ‘ऑटोरिमूव्ह’चा हुकूम मिळताच काढून टाकतो.

गैरसमज : स्वाक्षरी जुळली, म्हणजे पॅकेज निर्धोक.

वस्तुस्थिती : स्वाक्षरी एवढीच ग्वाही देते की, माल डेबियनच्याच भांडारातून निघाला आणि वाटेत त्यात कोणी ढवळाढवळ केली नाही, आतील मजकुराच्या हेतूविषयी ती काही सांगत नाही. मार्च २०२४ मध्ये सॉफ्टवेअर-अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरस्थ प्रवेशास नेहमीपेक्षा किंचित अधिक वेळ लागत असल्याचे जाणवले आणि त्याचा माग काढताना एक्सझेड ह्या संकोचन-साधनाच्या ५.६.० व ५.६.१ ह्या आवृत्त्यांत दडवलेला चोरदरवाजा त्यांना सापडला. हा दूरस्थ प्रवेश पुरवणाऱ्या ओपनएसएसएचला एक्सझेडची गरज मुळातच नव्हती. परंतु सेवा सुरू झाल्याची वर्दी सेवांची व्यवस्था पाहणाऱ्या सिस्टमडीला मिळावी म्हणून डेबियनने व आणखी काही वितरणांनी त्यात भर घातली, त्या भरीपायी सिस्टमडीची लायब्ररी आली, आणि तिच्या पाठोपाठ एक्सझेडची. डेबियनची स्थिर शाखा ह्यातून बचावली; चाचणीच्या व अस्थिर शाखांत मात्र तो माल पोहोचला होता.

अवलंबन हा दोषही नव्हे आणि अभयही नव्हे. तो लेखी नोंदलेला विश्वास आहे, आणि ती नोंद सर्वांस खुली असल्यामुळे तिचा जाब विचारता येतो. एखादे अनोळखी पॅकेज आपल्या यंत्रावर का आले ह्याचे उत्तर ‘ॲप्टिट्यूड व्हाय’ ही आज्ञा कडीकडीने देते. संमतीची कळ दाबण्यापूर्वी यादी वाचण्याचा, आणि शंका आल्यास हा प्रश्न टाकण्याचा परिपाठ ठेवणे, हेच वापरकर्त्याच्या हिताचे.