गाम, निगम, नगर : जेऊर स्थानकाच्या निमित्ताने

पाली साहित्यात मानवी वस्तीचे तीन प्रकार वारंवार उल्लेखिलेले आढळतात : गाम, निगम आणि नगर. गाम म्हणजे शेतीवर जगणारे खेडे. नगर म्हणजे तटबंदी, राजसत्ता व मोठा व्यापार यांचे केंद्र. या दोहोंच्या मध्ये निगम येतो. निगम म्हणजे बाजारपेठेचे गाव. शहरांचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा नगराकडे जाते. परंतु वस्ती कशी वाढते आणि कशी बदलते, हे समजून घ्यावयाचे असेल तर निगमाकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. तेथे गाव पूर्णपणे मागे पडलेले नसते आणि शहर पूर्णपणे आलेले नसते. बदलाची प्रक्रिया तेथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊर हे अशा निगमाचे एक उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात जेऊरच्या निमित्ताने एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. वस्तीचा नकाशा कोण ठरवितो आणि तो बदलतो तेव्हा माणसामाणसांमधील अंतरही बदलते काय?

लोहमार्गाने आखलेली रेषा

मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा आग्नेयेकडे जाणारा फाटा १८५८ मध्ये पुण्याहून भीमाकाठच्या डिकसळपर्यंत पोहोचला, १८५९ मध्ये डिकसळहून बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत आणि १८६० मध्ये सोलापूरपर्यंत. जेऊर हे डिकसळ-कुर्डुवाडी या टप्प्यातील स्थानक होय.

करमाळा हे तालुक्याचे ठिकाण जेऊरच्या उत्तरेस सुमारे अठरा-वीस किलोमीटरवर आहे. किल्ला, कमलादेवीचे मंदिर आणि शहाण्णव पायऱ्यांची बारव असलेली ती जुनी पेठ. औरंगाबादहून पुण्याकडे आणि अहमदनगरहून सोलापूरकडे जाणारे जुने रस्ते तिच्या परिसरातून जात असल्याने तिचा व्यापार भरभराटीस आला होता. लोहमार्ग मात्र करमाळ्यास गेला नाही. बैलांच्या तांड्यांवर व गाड्यांवर चालणारी वाहतूक हळूहळू रेल्वेकडे वळली आणि जुन्या रस्त्यांवरील पेठांचे महत्त्व ओसरू लागले. भूगोलाच्या परिभाषेत सांगावयाचे तर वस्तीच्या जागेत काहीही बदल झाला नाही, तिचे स्थानमाहात्म्य तेवढे बदलले.

कुर्डुवाडीचे उदाहरण याहूनही बोलके आहे. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग तेथून बार्शीकडे निघाला, पुढे तो पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत वाढला. दोन मार्गांचे मिलन, गाड्या दुरुस्त करणारा कारखाना आणि कामगारांच्या वसाहती यांमधून तेथे शहर उभे राहिले. जेऊरला असा जोडमार्ग लाभला नाही. म्हणून ते करमाळा तालुक्याचे रेल्वेद्वार राहिले. एकाच मार्गावरील दोन स्थानकांची वाढ इतकी भिन्न का झाली, याचे उत्तर या एका गोष्टीत बऱ्याच अंशी सापडते.

गावठाणाचा नकाशा आणि स्थानकाचा नकाशा

महाराष्ट्रातील पारंपरिक गावाचा नकाशा आपणांस परिचित आहे. मध्यभागी पाटलाचा वाडा, देऊळ व चावडी, त्याभोवती जातीजातींच्या आळ्या, मग वेस, आणि वेशीबाहेर अस्पृश्य मानलेल्यांची वस्ती. ही वस्ती अनेक ठिकाणी पाण्याच्या उताराकडे आणि वारा गावावरून वाहत जातो त्या बाजूस असे. या रचनेत पाणवठा, रस्ता, स्मशान आणि राहण्याची जागा यांपैकी एकही गोष्ट योगायोगाने ठरलेली नव्हती. जात ही मनात असते असे म्हटले जाते. परंतु ती जमिनीवर आखलेलीही होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात आरंभीच विचारलेला एक प्रश्न मूलतः वस्तीच्या भूगोलाचा आहे. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात? त्यांनी मांडलेला सिद्धांत असा की, टोळीयुद्धांत पराभूत होऊन विखुरलेले लोक स्थिर झालेल्या गावांच्या सीमेवर वसले. ते अस्पृश्य झाले म्हणून बाहेर घातले गेले नाहीत, आरंभापासूनच बाहेर होते, आणि अस्पृश्यता त्यांच्यावर नंतर लादली गेली. या सिद्धांतावर विद्वानांनी वाद घातले आहेत. तथापि घराची जागा हाच सामाजिक इतिहासाचा पुरावा मानण्याची त्यांची दृष्टी आजही मार्गदर्शक आहे.

आता स्थानकाचा नकाशा पाहा. लोहमार्ग आखणाऱ्या अभियंत्याने जमिनीचे चढउतार, ओढे आणि सरळ रेषा पाहिली. वेस कोठे आहे आणि देऊळ कोठे आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. म्हणून स्थानकाभोवतीची रचना वेगळ्या तत्त्वावर उभी राहते : फलाट, मालधक्का, कर्मचाऱ्यांची घरे, गाड्यांचा तळ आणि तेथून निघणारा स्टेशन रस्ता. या रस्त्याकडेला प्रथम अडत व वखार येते, मग खाणावळ, मग शाळा व दवाखाना. येथील जमीन वतनाची नसते. तिला भाडे असते, किंमत असते. येथील कामाला बलुते नसते, रोख मजुरी असते. गावकीच्या कामाने बांधलेल्या माणसाला रोख मजुरीचा अर्थ काय होता, हे वेगळे सांगावयास नको. ज्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, ते कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. पण वतनाचे जोखड सैल करण्याचे काम त्याआधीच रेल्वे, गिरणी आणि पलटण यांनी काही प्रमाणात सुरू केले होते.

स्थानकापासून वस्तीपर्यंतचे अंतर

तथापि नवा नकाशा आला म्हणून जुना आपोआप पुसला जातो, असे मानणे चुकीचे ठरेल. बाबासाहेबांनी सांगितलेल्या स्वतःच्या दोन आठवणी या संदर्भात चिंतनीय आहेत. १९०१ मध्ये लहान भीमराव आपला भाऊ व भाचे यांच्यासह साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाला. आगगाडीचा प्रवास निर्विघ्न पार पडला. मसूर स्थानकावर उतरल्यावर, मुले महार आहेत हे कळताच स्टेशन मास्तरचा चेहरा पालटला आणि गाडीवाल्यांनी गाडी देण्यास नकार दिला. अखेर एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही मुलांनी स्वतः गाडी हाकावी व आपण पायी चालावे या अटीवर. रात्रभर त्या मुलांना पाणी मिळाले नाही. १९२९ मध्ये चाळीसगाव स्थानकावर हेच पुन्हा घडले. तोवर ते उच्चविद्याविभूषित बॅरिस्टर आणि विधिमंडळाचे सदस्य होते. एकही टांगेवाला त्यांना महारवाड्यापर्यंत नेण्यास तयार झाला नाही. हाकण्याची सवय नसलेल्या माणसाच्या हाती टांगा आला, अपघात झाला आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले.

या दोन्ही प्रसंगांत आगगाडीचा प्रवास विनातक्रार पार पडला. अडचण आली ती स्थानक आणि वस्ती यांमधील थोड्या अंतरात. शहररचनेचा विचार करणाऱ्यांनी हे ध्यानी घेतले पाहिजे. मोठे मार्ग राज्य बांधते, परंतु शेवटचा टप्पा समाजाच्या ताब्यात असतो.

स्थानकाच्या आतही भेद होताच. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे भरलेल्या जी. आय. पी. रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी दाखवून दिले की, अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून रुळांवर राबतो, पण मुकादम होत नाही. त्यास पोर्टर म्हणूनही घेत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचे कामही करावे लागते. याच परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन शत्रूंचा उल्लेख केला. रूळ सर्वांसाठी समान होते, पण त्यावरील श्रमाची उतरंड गावातूनच आली होती.

पाटलिगामची तीन भये

वस्तीच्या वाढीविषयीचे एक मार्मिक निरीक्षण महापरिनिब्बान सुत्तात आहे. तथागत आपल्या अखेरच्या चारिकेत गंगेकाठच्या पाटलिगाम येथे आले, तेव्हा मगधाचे महामात्य सुनीध आणि वस्सकार वज्जींना रोखण्यासाठी तेथे नगर उभारीत होते. ते पाहून तथागतांनी आनंदास सांगितले की, जेथवर आर्यांचे जाणे-येणे आहे आणि व्यापारी मार्ग आहेत, तेथवर हे श्रेष्ठ नगर व पुटभेदन होईल. परंतु त्याला तीन भये राहतील : अग्नीपासून, पाण्यापासून आणि आपसांतील फुटीपासून.

पुटभेदन म्हणजे मालाची गाठोडी जेथे सोडली जातात ते ठिकाण. मालधक्क्याला याहून नेमका शब्द सापडणे कठीण. गामाचा निगम आणि निगमाचे नगर होते ते दळणवळणाच्या संगमामुळे, हे या वचनाचे सार. तीन भयांपैकी पहिल्या दोहोंवर अभियंता उपाय करू शकतो. तिसऱ्यावर मात्र केवळ विटा-चुन्याने उपाय होत नाही.

प्राचीन नगरे या बाबतीत निर्दोष होती, असा दावा आपण करू नये. मातंग आणि चित्तसंभूत जातकांत चांडाळांची वस्ती नगराबाहेर आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेला चिनी भिक्खू फाहियान लिहितो की, चांडाळ वेगळे राहतात आणि नगरात शिरताना लाकूड वाजवून आपली चाहूल देतात. संघाने या नकाशाला उत्तर दिले ते दोन प्रकारे. एक, राजगृहात रस्ते झाडणाऱ्या सुनीताला तथागतांनी त्या रस्त्यावरच उपसंपदा दिली. दुसरे, विहाराच्या जागेची निवड. बिंबिसाराने वेळुवन दान देताना जे निकष लावले ते विनयपिटकात नोंदलेले आहेत : जागा गावापासून फार दूर नसावी, फार जवळ नसावी, जाण्या-येण्यास सोयीची असावी, आणि ज्याला यावयाचे आहे त्याला तेथे पोहोचता यावे. सार्वजनिक जागेची इतकी नेटकी व्याख्या आधुनिक नगररचनेच्या पुस्तकांतही विरळा आढळते.

नगर म्हणजे मुक्ती नव्हे

१८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि दुष्काळाने व कर्जाने पिचलेले लोक तेथे येऊ लागले. परंतु शहराने सर्वांना सारखे सामावून घेतले नाही. मुंबईच्या गिरण्यांत अधिक मजुरीच्या विणकाम खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. सोलापुरात तर ब्रिटिश राज्यकर्त्यांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेत तारेच्या कुंपणाची वसाहत उभारली. जन्मानेच गुन्हेगार ठरविलेल्या माणसांनी हजेरी द्यावी, कामावर जावे आणि पुन्हा कुंपणात यावे, अशी तिची रचना होती. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, कुंपण गेले. ‘सेटलमेंट’ हा शब्द मात्र शहराच्या बोलण्यात राहिला. शहराची आखणी स्वातंत्र्यासाठी होऊ शकते तशी बंधनासाठीही होऊ शकते, याचा हा दाखला आपल्याच जिल्ह्यातील आहे.

मार्ग बदलता येतो

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. करमाळा, इंदापूर, माढा आदी तालुक्यांतील जमिनी आणि गावे पाण्याखाली गेली. डिकसळजवळचा जुना लोहमार्ग सोडून नवा मार्ग टाकावा लागला आणि जुना रेल्वेपूल गाडीरस्त्यासाठी वापरात आला. विस्थापितांसाठी नवी गावठाणे आखली गेली. शंभराहून अधिक वर्षांचा लोहमार्ग हलविता येतो आणि अख्खे गाव नव्या जागी मांडता येते, तर वेशीबाहेरची रेषा तेवढी अचल का मानावी? कोऱ्या जमिनीवर भूखंड पाडताना जुन्या आळ्या तशाच उतरविल्या जातात की नाही, यावर नव्या गावाचे नवेपण ठरते.

वस्तीच्या जागेचे राजकीय महत्त्व बाबासाहेबांनी पुरते ओळखले होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जुलै १९४२ च्या नागपूर अधिवेशनात स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यासाठी सरकारी पडीक जमिनीवर वसाहती उभारणाऱ्या आयोगाची घटनात्मक तरतूद त्यांनी सुचविली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवगानास स्पष्ट शब्दांत विरोध केला. हे तिन्ही प्रसंग एका सूत्रात पाहिले म्हणजे लक्षात येते की, त्यांच्या दृष्टीने माणसाची मुक्ती त्याच्या राहण्याच्या जागेपासून वेगळी काढता येत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो स्वागतार्ह आहे. परंतु पाटी बदलल्याने पाण्याची वाहिनी, गटार आणि डांबरी रस्ता वस्तीपर्यंत आपोआप येत नाही. जेऊरसारखी गावे आज स्टेशन रस्त्याच्या, ऊस व केळीच्या व्यापाराच्या आधाराने पसरत आहेत. गावठाणालगतच्या शेतजमिनींचे भूखंड होत आहेत. पुढील पन्नास वर्षांचा नकाशा या भूखंडांबरोबरच ठरत आहे. तो ग्रामसभेत, ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात, आणि मोठ्या गावी १९६६ च्या नगररचना कायद्यान्वये प्रसिद्ध होणाऱ्या प्रारूप योजनेत उमटतो. त्या योजनेवर हरकती व सूचना मांडण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. मुदत टळल्यावर मांडलेले दुःख नकाशात नोंदले जात नाही.

म्हणून विहाराशी संबंधित तरुण-तरुणींनी एक साधे काम हाती घ्यावे. एखाद्या पौर्णिमेच्या कार्यक्रमानंतर स्थानकापासून किंवा एस. टी. थांब्यापासून आपल्या वस्तीपर्यंत पायी चालत जावे आणि कागदावर नोंद करावी. रस्ता कोठे संपतो, दिवे कोठपर्यंत आहेत, नळ कोणत्या बाजूस आहे, पावसाचे पाणी कोणाच्या दारात साचते, दवाखान्यास किती पावले पडतात, विहारात येण्यास वृद्ध स्त्रीला कोठे अडते. बिंबिसाराचे निकष त्या कागदाच्या एका बाजूस लिहावेत आणि आपल्या नोंदी दुसऱ्या बाजूस. मग तो कागद घेऊन पुढील ग्रामसभेस जावे.